कडकबाईंचं अपील

कडकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना एका मोठ्या सर्जनने दिलं, आणि तेही रागाच्या भरात. बाई इस्पितळाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत इस्त्रीला होत्या. एक ना दोन, चांगली सव्वीस वर्षं. चादरी आणि अभ्रे यंत्रावर व्हायचे. दोघी जणी दोन टोकं धरून ते रोलरमध्ये सोडायच्या. पण डॉक्टरांचे पांढरे कोट बाई स्वतः हाताने करायच्या, वाफेच्या जड इस्त्रीने, आणि असे करायच्या की कोट हँगरवरून काढला तरी क्षणभर आपल्या पायावर उभा राहील असं वाटावं. एकदा त्या सर्जनने खिशात उघडं पेन ठेवून कोट धुवायला टाकला आणि धुण्याचा सबंध घाणा निळा झाला. बाई तो कोट घेऊन तीन मजले चढून गेल्या. सर्जनचा राउंड चालू होता, मागे शिकाऊ डॉक्टरांची पलटण होती. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, पोट शिवताना आत काही विसरत नाही ना?"

तेव्हापासून त्या कडकबाई झाल्या. सर्जनला त्यात जिभेची निंदा अभिप्रेत होती. बाईंनी ती इस्त्रीची स्तुती म्हणून स्वीकारली आणि विषय संपवला.

आजार आला तो दबक्या पावलांनी. आधी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. बाई हात झटकायच्या आणि पुढचा कोट ओढायच्या. मग सुई हातात राहीना, मग बटण सापडेना. एक दिवस दुपारी त्यांनी नाक वर करून विचारलं की कोणाचं काय जळतंय. बाकीच्या बायकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग सगळ्या एकदम बाईंच्या हाताकडे बघायला लागल्या. हाताची कड वाफेच्या नळीला टेकली होती. टेकून किती वेळ झाला होता कोणास ठाऊक. बाईंना ते वासावरून कळलं, आणि तो वासही त्यांना आधी कुणा दुसऱ्याचाच वाटला.

मग मनगटाचं ऑपरेशन झालं. मग मानेचं झालं. मज्जातंतू दबून दबून मेले होते. उजवा हात दिसायला शाबूत राहिला, पण त्याची जाण गेली. डाव्याचीही करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्याच वाटेला लागलं. ज्याने नाव ठेवलं होतं त्याच सर्जनने, बाईंनीच कधीकाळी इस्त्री केलेल्या कोटात उभं राहून, त्यांना सांगितलं की हा हात आता परत यायचा नाही. जड उचलायचं नाही, गरम धरायचं नाही, बारीक काम होणार नाही. लॉन्ड्रीने त्यांना आठ महिने चादरी मोजायला बसवलं. पण चादर मोजायची तर ती उलटावी लागते, आणि उलटायला बोटं लागतात. शेवटी एक टेबलावरचं घड्याळ आणि टाळ्या देऊन त्यांना घरी पाठवण्यात आलं.

घरी यजमान होते. तेही नुकतेच निवृत्त झालेले, एकतीस वर्षं बस चालवलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी घर हळूहळू हातात घेतलं. भांडी घेतली, धुणं घेतलं, आणि दोनेक वर्षांपूर्वी एके दिवशी इस्त्रीही घेतली. बाई खुर्चीत बसून सूचना द्यायच्या. यजमानांना बसमध्ये साठ माणसं मागून ओरडली तरी फरक पडायचा नाही, पण एक बायको आणि एक कॉलर यांनी त्यांना घाम फोडला. शिवाय ते इस्त्री करताना खिडकी लावून घ्यायचे. समोरच्या इमारतीतून दिसतं म्हणून. भांडी घासताना दिसलं तर चालायचं. इस्त्रीचं मात्र त्यांना का कोण जाणे, अगदी चोरी करावी तसं वाटायचं. विशेषतः वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे बाईंच्या नणंदेला, हे कळू नये असा त्यांचा आटापिटा असे.

नणंदबाईंचं आजारपणाबद्दल स्वतःचं एक शास्त्र होतं. आजारी माणूस आडवा असतो. जो उभा आहे, बोलतो आहे आणि ज्याच्या गालावर रंग आहे, तो आजारी नाही, तो आळशी आहे. त्या बाईंकडे निरखून पाहायच्या आणि म्हणायच्या की चेहऱ्यावर तर काही दिसत नाही बाई. बाई म्हणायच्या, "वन्सं, मी चेहऱ्याने इस्त्री करत नव्हते."

भत्त्याचा अर्ज करायचा हे यजमानांच्या मनात आलं. आजारपण आणि अपंगत्व भत्ता, असं त्याचं भारदस्त नाव होतं आणि अर्ज चाळीस पानांचा होता. ज्याचा हात चालत नाही त्याने चाळीस पानं भरावीत, यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. यजमान लिहायला बसले, बाई उत्तरं सांगायला. आणि इथेच घोटाळा झाला. कारण बाईंना आयुष्यात एकाही प्रश्नाला "नाही येत" असं उत्तर द्यायची सवय नव्हती.

रिकामा कप उचलून तोंडापर्यंत नेता येतो का, असा प्रश्न होता. बाई म्हणाल्या, येतो. यजमानांनी पेन थांबवलं आणि परवाच एक फुटला याची आठवण करून दिली.

"तो भरलेला होता," बाई म्हणाल्या. "त्यांनी रिकामा विचारलाय."

असं चाळीस पानं चाललं. स्वतः कपडे घालता येतात का? येतात. (वेळ विचारलेला नव्हता.) जेवण गरम करता येतं का? येतं. (गेल्या महिन्यात दोनदा भाजलं, ते विचारलेलं नव्हतं.) यजमान निमूटपणे लिहीत गेले. बायकोशी वाद घालण्यापेक्षा वाहतुकीच्या ऐन वेळी बस मागे घेणं सोपं, असं त्यांचं अनुभवसिद्ध मत होतं.

मग तपासणीचं बोलावणं आलं. बाईंनी त्यासाठी लांब बाह्यांचा पांढरा ब्लाउज आणि करडा कोट काढायला लावला. सरकारी माणसासमोर जायचं तर चुरगळलेलं जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आदल्या दिवशी यजमानांनी खिडकी लावून दीड तास इस्त्री केली.

तपासनीस पन्नाशीचा, सर्दी झालेला गृहस्थ होता. त्याच्या टेबलावर संगणकाचा पडदा त्याच्याकडे तोंड करून होता आणि तो पडद्याकडे. बाईंच्या वाट्याला त्याचा डावा कान आला. त्याने हात वर करायला सांगितले, बाईंनी केले. त्याने प्लास्टिकचा एक रिकामा पेला पुढे सरकवला. बाईंनी तो दोन्ही तळव्यांत दाबून उचलला आणि परत ठेवला. त्याने छंद विचारला. बाई म्हणाल्या, वाचन. पुस्तक हातात धरता का, तर नाही, टेबलावर ठेवते. मग पानं कोण उलटतं? बाई म्हणाल्या, मीच, कोपराने. तपासनीसाने हे सगळं ऐकून घेतलं आणि टाइप केलं: वाचन करतात.

शेवटी निरोप घेताना, माणुसकी म्हणून की फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून, त्याने विचारलं की एकूण कसं चाललंय. बाईंनी सव्वीस वर्षं जे उत्तर दिलं तेच दिलं. "झकास."

बावीस मिनिटांत सव्वीस वर्षांचा निकाल लागला.

पत्र सहा आठवड्यांनी आलं. भत्त्याला पंधरा गुण लागत होते, जे काम जमत नाही त्याचे गुण. बाईंना शून्य मिळाले होते. शाळेतसुद्धा त्यांना कधी शून्य मिळालं नव्हतं, आणि शाळेत त्या फारशा गेल्या नव्हत्या. यजमान चष्मा लावून मोठ्याने वाचत होते: "अर्जदार वेळेवर हजर झाल्या. त्यांनी समर्पक उत्तरे दिली व प्रकृती झकास असल्याचे नमूद केले. अर्जदारांचा पोशाख स्वच्छ, नीटनेटका व व्यवस्थित इस्त्री केलेला होता. सबब अर्जदार वस्त्रे धुणे, वाळवणे, इस्त्री करणे व परिधान करणे ही सर्व कामे स्वतंत्रपणे करू शकतात असे अनुमान निघते."

इथवर बाई शांत होत्या. भत्ता नाही म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली होती. पण इस्त्रीचं वाक्य ऐकताच त्या उठल्या, कपाटातून तो ब्लाउज कोपराने ओढून काढला आणि टेबलावर टाकला. उजव्या बाहीवर खांद्यापासून कफपर्यंत दोन घड्या शेजारीशेजारी गेल्या होत्या, रेल्वेच्या रुळांसारख्या.

"ही इस्त्री माझी?" बाई म्हणाल्या. "ही माझ्या नावावर लिहिली त्यांनी?"

यजमान म्हणाले, "मला वाटलं होतं, बरी झालीय."

अपील करायचं ते तिथे ठरलं. भत्ता मिळो न मिळो, हा कलंक कागदावर राहता कामा नये, असं बाईंचं म्हणणं होतं. नणंदबाईंना हे कळल्यावर त्यांनी सरकारशी कशाला वैर असा सूर लावला, आणि बाईंचे कपडे बाई स्वतःच इस्त्री करतात यात खोटं ते काय, असंही विचारलं. यजमान तेव्हा एकाएकी नळ दुरुस्त करायला स्वयंपाकघरात गेले. नळाला काही झालं नव्हतं.

नियम असा होता की अपिलाच्या आधी भत्त्याच्या कचेरीनेच आपल्या निर्णयाचा फेरविचार करायचा. म्हणजे ज्याने दार लावलं त्यालाच विचारायचं की बाबा, दार लागलंय का. यजमानांनी शुक्रवारी दुपारी पत्र टाकलं. उत्तर आलं ते "सर्व कागदपत्रांचा नव्याने, सखोल व साकल्याने विचार करून" आलं, आणि त्यावर तारीख शनिवारची होती. कचेरी शनिवारी बंद असते. इतका सखोल विचार सुटीच्या दिवशी, घरी, चहा पिता पिता झाला असावा. मजकूर जुनाच होता. फक्त आधी "निघते" होतं तिथे आता "स्पष्टपणे निघते" झालं होतं.

कचेरीच्या समोर एक झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्या दुकानात, यंत्राच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, स्टूल टाकून एक म्हातारा अर्ज लिहून देत असे. लोक त्याला मसुदे म्हणत. हा मसुदे आयुष्यभर त्याच कचेरीत कारकून होता आणि त्याचं काम नकाराची पत्रं तयार करणं हे होतं. निवृत्तीनंतर तो रस्ता ओलांडून अलीकडे आला आणि त्याच पत्रांविरुद्ध अपिलं लिहू लागला. गिऱ्हाईक तेच राहिलं, फक्त बाजू बदलली. त्याला याची लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. तो म्हणे की दोन्हीकडे शाई तीच लागते.

मसुद्याने बाईंचं पत्र घेतलं आणि ओळींवरून बोट फिरवत वाचलं. एका जागी बोट थांबलं. त्याच्या तोंडावर असं काही आलं, जसं एखाद्याला गर्दीत आपला हरवलेला मुलगा दिसावा.

"हे माझं," तो म्हणाला.

बाईंनी विचारलं, काय तुमचं?

"वाक्य. 'असे अनुमान निघते.' एकोणीस वर्षांपूर्वी मी बसवलेलं. आधी आम्ही 'अनुमान काढले आहे' असं लिहायचो. मग अपिलात विचारायचे, कोणी काढलं? कशावरून काढलं? हरायचो. मी म्हटलं, 'निघते' लिहा. काढलं म्हटलं की काढणारा लागतो. निघतं म्हटलं की आपलं आपणच निघतं."

 बाई म्हणाल्या, "किती जणांचं निघालं असेल हो?"

 मसुद्याने कोरा कागद पुढे ओढला आणि मजकूर विचारायला सुरुवात केली. त्या दिवशी त्याने अर्धीच फी घेतली, असं यजमानांनी नंतर हिशेबाच्या नव्हे, आश्चर्याच्या सुरात सांगितलं.

पण अर्जापेक्षा मोठं काम त्याने पुढे केलं. त्याने बाईंना खरं बोलायला शिकवलं. बाईंना वाटत होतं की त्या खरंच बोलत आल्या आहेत. मसुदे म्हणाला की रिकामा पेला दोन तळव्यांनी एकदा उचलणं याला पेला उचलता येणं म्हणत नाहीत. दिवसात चार वेळा, भरलेला, न सांडता, न फोडता उचलला तर म्हणतात. तुम्ही त्यांना तुमचा सगळ्यात चांगला दिवस सांगून आलात. आता रोजचा दिवस सांगा. आणि तोंडी नको, लिहून आणा.

लिहायचं काम अर्थातच यजमानांकडे आलं. त्यांनी एक वही केली आणि आयुष्यभर ज्या पद्धतीने बसच्या फेऱ्या लिहिल्या त्याच पद्धतीने बायकोचा दिवस लिहिला. सकाळी सात दहा, कप, फुटला. सात पंचवीस, दुसरा कप, मी धरला म्हणून वाचला. आठ, ब्लाउजची बटणं, अकरा मिनिटांत तीन लागली, चौथं मी लावलं. नऊ चाळीस, किल्ली पर्समध्ये शोधली, हातात होती. बारा पाच, तव्याला हात लागला, सांगितल्यावर काढला. एक वीस, विलंब नाही. यातल्या "विलंब नाही"चा अर्थ त्यांना स्वतःलाही सांगता येईना. रकाना मोकळा ठेवायची सवय नव्हती इतकंच.

आठवडा संपत आल्यावर बाईंनी वही वाचून दाखवायला सांगितली. यजमान सपाट आवाजात वाचत गेले. बाई आधी मध्येमध्ये दुरुस्त्या करत होत्या, तव्याला नव्हे झाकणाला लागला हात, चार नव्हे तीनच मिनिटं. मग दुरुस्त्या थांबल्या. शेवटी त्यांनी विचारलं, हे सगळं एका आठवड्यातलं का.

यजमान म्हणाले, "सोमवार ते गुरुवार. वही संपली. नवी आणायचीय."

बाई उठून आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी यजमानांच्या इस्त्रीला नावं ठेवली नाहीत, ना कोणाची चूक काढली. यजमानांना त्या शांततेची भीती वाटली, एवढी की त्यांनी मुद्दाम एक बाही वेडीवाकडी करून त्यांच्यापुढे नेली. बाईंनी ती पाहिली आणि बरी आहे म्हणाल्या. मग तर यजमान फारच घाबरले.

सुनावणीला चार महिने लागले. नणंदबाई बरोबर निघाल्या. भावाच्या घरातलं माणूस कोर्टकचेरीत जातंय तर कुणी जबाबदार माणूस सोबत हवं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. यजमानांचा चेहरा पाहून बाईंना कळलं की आज दोन खटले आहेत.

अपील मंडळाची खोली लहान आणि स्वच्छ होती. लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधे अध्यक्षबाई, गळ्यात दोरीचा चष्मा. उजवीकडे एक वयस्क डॉक्टर. डावीकडे एक गृहस्थ, ज्याने आपली कुबडी खुर्चीला टेकवून ठेवली होती आणि जो तासाभरात चारच वाक्यं बोलला, पण चारही कामाची. कचेरीतर्फे एक प्रतिनिधी आला होता. त्याला फाइल सकाळी जिन्यात मिळाली होती आणि त्याने ती जिन्यातच वाचली होती. त्याने सुरुवात केली, "अर्जदार हे आपल्या पत्नीसह राहतात." अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. प्रतिनिधीने बाईंकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि अर्जदारांचं लिंग बदलून पुढे चालू ठेवलं. शेवटी तो आपल्या हुकमी एक्क्यापाशी आला: अर्जदारांचा पोशाख तपासणीच्या दिवशी व्यवस्थित इस्त्री केलेला होता, आणि अर्जदारांचा तर व्यवसायच तो.

कुबडीवाल्या गृहस्थाने विचारलं, "आज माझीही इस्त्री झालेली आहे. त्यावरून काय निघतं?"

प्रतिनिधी पाणी प्यायला.

अध्यक्षबाईंनी बाईंना विचारलं की घरात इस्त्री कोण करतं. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. हे उत्तर त्यांचं नव्हतं.  यजमान उठून उभे राहिले. त्यांनी एकदा मागे, भिंतीजवळच्या खुर्चीवर बसलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"मी करतो," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. खिडकी लावून करतो."

"खिडकी कशाला?"

यजमानांनी टोपी हातात फिरवली. "लोक बघतात."

अध्यक्षबाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते चष्मा पुसण्यात घालवलं. मग त्यांनी, प्रतिनिधीकडे एक नजर टाकून, इस्त्री नेमकी कशी करता ते सांगा म्हटलं. आणि यजमान, जे घरात दिवसाला वीस वाक्यं बोलत नसत, ते सुटले. कॉलर आधी घ्यायची. टोकाकडून मधे यायचं, मधून टोकाकडे गेलं तर टोकाला चुणी पडते. मग खांदे, मग कफ उघडून आतून, मग बाह्या. पुढची बाजू शेवटी, कारण लोक तिथेच बघतात आणि आधी केली तर बाकीचं करताना चुरगळते. पाणी शिंपडून पाच मिनिटं गुंडाळून ठेवायचं, घाई करायची नाही. "बाहीवर घडी एकच यायला पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "माझ्या दोन येतात. ब्लाउज आणलाय."

बाईंना राहवलं नाही. "एकदा तीन आल्या होत्या," त्यांनी मंडळाच्या माहितीसाठी सांगितलं.

ब्लाउज टेबलावर फिरला. प्रतिनिधीने तो दोन बोटांनी धरून पाहिला आणि सरकवला.

मग डॉक्टर पहिल्यांदा बोलले. त्यांनी बाईंना डोळे मिटून उजवा हात पुढे करायला सांगितलं. मी हातात काही ठेवीन, म्हणाले, काय आहे ते सांगा. त्यांनी आपल्या खिशातली किल्ली ठेवली. बाई म्हणाल्या, बटण. त्यांनी किल्ली उचलून एक नाणं ठेवलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, मनगट जरा वरखाली करून वजनाचा अंदाज घेतला, आणि म्हणाल्या, "पेनाचं टोपण का?" डॉक्टरांनी नाणंही उचललं. आता सांगा, ते म्हणाले. बाईंनी फार वेळ घेतला. चुकायचं नाही असा त्यांच्या चेहऱ्यावर सगळा जोर एकवटला होता.

"किल्ली," त्या म्हणाल्या. "या वेळी नक्की किल्ली."

त्यांनी डोळे उघडले. हात रिकामा होता.

 डॉक्टरांनी नाणं हळूच खिशात टाकलं. प्रतिनिधी आपल्या फाइलीत काहीतरी शोधत राहिला, आणि तिथे काही नव्हतं.

बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा खिडकीतून वारा येत होता. बाई कोट घालायला गेल्या आणि नेहमीप्रमाणे पहिल्याच बटणाशी अडल्या. नणंदबाई पुढे झाल्या, त्यांनी खालून वर पाचही बटणं लावली आणि परत जागेवर जाऊन बसल्या. तोंडातून शब्द नाही. इतकी वर्षं नात्यात काढून बाईंनी त्यांना गप्प पाहिलं ते हे पहिल्यांदाच, आणि अपिलाचा काहीही निकाल लागला तरी एवढं पदरात पडलं असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

निकाल चाळीस मिनिटांनी आला. अपील मंजूर. एकवीस गुण. शून्याचे एकवीस झाले आणि मधल्या काळात बाईंच्या हातात काडीचाही फरक पडला नव्हता. आदेशाच्या चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: "सदर इस्त्री अर्जदारांची नसून त्यांच्या यजमानांची असल्याचे समाधानकारकरीत्या सिद्ध झाले आहे." बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. "समाधानकारक" हा शब्द इस्त्रीला लागू होतो की सिद्ध होण्याला, यावर घरात थोडी चर्चा झाली. यजमानांचा कल पहिल्या अर्थाकडे होता.

नणंदबाईंचा गप्पपणा बस येईपर्यंत टिकला. संध्याकाळपर्यंत भावाच्या इस्त्रीची बातमी चारही मजल्यांवर गेली होती. यजमान दोन दिवस जिन्यात तोंड चुकवून वावरले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना थांबवून विचारलं की काळ्या कापडावर इस्त्रीची चकाकी येते ती कशी टाळायची. यजमानांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग ओल्या फडक्यापासून सुरुवात करून पंधरा मिनिटं घेतली.

कचेरीनेही या प्रकरणातून धडा घेतला. काही महिन्यांनी मसुदे नवा अर्ज घेऊन दाखवायला आला. तो आता एक्केचाळीस पानांचा झाला होता. वाढलेल्या पानावर विचारलं होतं: तपासणीच्या दिवशी परिधान केलेल्या वस्त्रांस इस्त्री कोणी केली, अर्जदाराशी नाते काय, व सदर व्यक्ती आज हजर आहे काय. खाली सहीची जागा होती. मसुद्याने पानावरून हात फिरवला. वाक्य वाईट नाही, म्हणाला, पण "सदर" दोनदा यायला हवा होता.

राहता राहिली बँक. भत्ता दर महिन्याला बाईंच्या खात्यात जमा व्हायला लागला, आणि बाई पहिल्यांदा तो काढायला गेल्या तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाने सांगितलं की सही जुळत नाही. जुनी सही उजव्या हाताची होती, भरदार, शेवटी फराटा मारलेली. नवी डाव्या हाताची होती. बाई गेले कित्येक महिने डाव्या हाताने लिहायला शिकत होत्या आणि अक्षरं अजून एकमेकांचा हात धरून चालत होती. बाईंनी मंडळाचा आदेश पुढे केला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की यांचा उजवा हात चालत नाही. माणसाने तो आस्थेने वाचला, हळहळला, आणि म्हणाला की सही बदलायला हरकत नाही. सही बदलण्याचा एक अर्ज भरा आणि त्यावर जुनी सही करा.

दुसऱ्या खेपेला अंगठा चालेल म्हणाले. बाईंनी उजवा अंगठा उठवला तर कागदावर नुसता निळा ठिपका आला. सव्वीस वर्षांच्या वाफेने अंगठ्याच्या रेषाच पुसल्या होत्या. शाई जास्त झाली म्हणून परत घेतला, मग शाई कमी झाली म्हणून परत. यजमान मागे उभे राहून घड्याळ बघत होते.

तिसऱ्या खेपेला बाई एकट्या गेल्या आणि थेट मॅनेजरच्या खोलीत जाऊन बसल्या. मॅनेजरने आदबीने विचारलं की काही त्रास आहे का. पूर्वीच्या बाई असत्या तर नाही म्हणाल्या असत्या.

"आहे," बाई म्हणाल्या. "बसून सांगते. वेळ आहे ना तुमच्याकडे?"

अर्ध्या तासाने मॅनेजर स्वतः नव्या सहीचं कार्ड घेऊन खिडकीपाशी आला. बाईंनी डाव्या हाताने पेन धरलं, ओठ दाताखाली घेतला आणि पहिलं अक्षर काढायला घेतलं. आडवी रेघ, मग उभी. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला. बाईंनी मान वर केली, त्या दिशेने एकदा बघितलं, आणि दुसरं अक्षर पहिल्यापेक्षाही सावकाश काढलं.